चूक कबूल करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

काच फुटली. चावी हरवली. पाणी सांडलं. निरोप द्यायचा राहून गेला.

ही चार वाक्यं पुन्हा एकदा वाचा. चारही ठिकाणी कुणीतरी काहीतरी केलंय किंवा करायचं टाळलंय, पण वाक्यांत माणूसच सापडत नाही. आपली भाषा याबाबतीत फार सोयीची आहे. ‘फोडणे’ला ‘फुटणे’ आहे, ‘बिघडवणे’ला ‘बिघडणे’ आहे, आणि काहीच नाही तर ‘राहून गेलं’ आहेच. न केलेल्या कुठल्याही कामावर ते पांघरूण घालता येतं. लपायला इतके आडोसे असताना चूक कबूल करणं जड जातं, यात नवल नाही.

या विषयावर सल्ला मागितला की लोक सांगतात, मन मोठं करा, अहंकार सोडा. असं ऐकून कुणी अहंकार सोडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. माझा अनुभव उलटा आहे. आधी वाक्य नीट करायचं, मग ते योग्य माणसासमोर बोलायचं, मग नुकसान भरून काढायचं. मन मोठं व्हायचं असेल तर ते यानंतर कधीतरी होतं, आणि नाही झालं तरी काम अडत नाही. म्हणून इथे मनाबद्दल कमी आणि कृतीबद्दल जास्त लिहिलं आहे.

सुरुवात लहान चुकीपासून

नवशिक्यांची पहिली गल्लत इथेच होते. कबुली द्यायची ठरली की डोळ्यांसमोर थेट पंधरा वर्षांपूर्वीचं भांडण येतं. ते आत्ता नको. गेल्या आठ-दहा दिवसांतली एक चूक घ्या. लहान असावी, जिच्याशी संबंध आला तो माणूस सहज भेटण्यासारखा असावा, आणि आठवली की पोटात किंचित कालवाकालव व्हावी. अगदी काहीच वाटत नसेल तर सराव होणार नाही, आणि झोप उडत असेल तर ती चूक पहिल्या खेपेला पेलणार नाही.

ती खरंच चूक आहे का, हेही एकदा तपासा. मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. तेव्हा मला ते माहीत होतं का, किंवा माहीत करून घेणं माझं काम होतं का? दुसरं काही करणं माझ्या हातात होतं का? कुणाचं काही नुकसान झालं का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ आली तर ती चूक. मतभेद ही चूक नाही. नाही म्हणणं ही चूक नाही. आपण सगळा विचार करून घेतलेला निर्णय पुढे नशिबाने फसला, तर तीही चूक नाही.

यातला पहिला प्रश्न फसवा आहे. बारुख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर जाण्याआधी या दोघांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं, अमुक गोष्ट घडण्याची शक्यता किती? दौरे आटोपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही तेव्हा काय अंदाज दिला होता ते आठवून सांगा. जे प्रत्यक्षात घडलं होतं, त्याची शक्यता आपण आधीच जास्त सांगितली होती, अशी बऱ्याच जणांची प्रामाणिक आठवण होती. निकाल कळला की आठवण निकालाच्या बाजूला सरकते. त्यामुळे ‘हे मला तेव्हाच कळायला हवं होतं’ असं वाटतं, तेव्हा एकदा थांबा आणि तेव्हा खरोखर हातात काय माहिती होती ते लिहून काढा. कधीकधी चूक निघतच नाही. कधी निघते, पण आपण समजत होतो त्या ठिकाणी नाही, दुसरीकडेच.

एक वाक्य, ‘मी’ने सुरू होणारं

आता कागद घ्या. चूक एका वाक्यात लिहा. वाक्य ‘मी’ने सुरू झालं पाहिजे, त्यात मी केलेली कृती पाहिजे, आणि ‘कारण’, ‘पण’, ‘जरा’, ‘थोडंफार’ यांपैकी एकही शब्द त्यात नको.

वाचायला सोपं आहे, लिहून पाहा. पहिल्या खेपेला हमखास असं काहीतरी उतरतं: ‘कामाच्या गडबडीत त्याला फोन करायचं राहून गेलं.’ यात गडबड आहे, फोन आहे, तो आहे. मी कुठे आहे? दुसऱ्या खेपेला: ‘मी त्याला फोन करायला विसरले.’ हे बरं आहे, पण खरं आहे का? विसरले होते, की आठवत असूनही टाळलं होतं? तिसऱ्या खेपेला खरं वाक्य येतं: ‘मी त्याला फोन करते म्हणून सांगितलं आणि दोन दिवस मुद्दाम केला नाही.’ इथवर आलात की पेन थोडा वेळ खाली ठेवला तरी चालेल.

मराठीत यात एक गंमत आहे. ‘मी काच फोडली, मी पेला फोडला, मी भांडं फोडलं’ या वाक्यांत क्रियापद फुटलेल्या वस्तूकडे बघून बदलतं. फोडणारी बाई आहे की पुरुष, याची त्याला फिकीर नसते. ‘माझं चुकलं’ मध्येही तेच. जे चुकलं ते ‘माझं’ काहीतरी, मी जरा बाजूलाच. पण ‘मी चुकले’ किंवा ‘मी चुकलो’ म्हटलं की क्रियापद थेट बोलणाऱ्याकडे वळतं. तोंडाने म्हणून पाहा, दोन्हींचं वजन वेगळं लागतं. ‘माझं चुकलं’ वाईट आहे असं मी म्हणत नाही, रोजच्या व्यवहारात ते पुरतं. पण जिथे ते पटकन आणि गुळगुळीत निघतंय असं जाणवेल, तिथे दुसरं वाक्य म्हणून बघा.

‘माझ्या हातून झालं’ हेही ऐकायला नम्र आहे. मात्र त्यात सगळा दोष हाताचा.

सारवासारव ओळखायला शिका

वाक्य लिहून झालं की मन कामाला लागतं. आपण स्वतःला समंजस, प्रामाणिक, कामाचा माणूस समजत असतो आणि समोरच्या कागदावर नेमकं उलटं लिहिलेलं असतं. या दोहोंचा मेळ बसत नाही. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये या ताणाचा सिद्धांत मांडला, आणि १९५९ मध्ये मेरिल कार्लस्मिथसह एक प्रयोग केला, जो अजून शिकवला जातो. विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम दिलं, आणि मग पुढच्या व्यक्तीला ‘काम मजेशीर आहे’ असं खोटं सांगायला लावलं. काहींना त्यासाठी २० डॉलर दिले, काहींना १. नंतर विचारल्यावर २० डॉलरवाले म्हणाले, काम कंटाळवाणंच होतं. १ डॉलरवाल्यांना मात्र ते काम खरंच बरं वाटू लागलं होतं. एवढ्याशा पैशांसाठी आपण खोटं बोललो हे पचवण्यापेक्षा कामाबद्दलचं मत बदलणं त्यांच्या मनाला सोपं गेलं.

म्हणजे सारवासारव करताना आपण बहुतेक वेळा ठरवून खोटं बोलत नसतो. मत खरोखरच सरकलेलं असतं, म्हणून तर ते पकडणं अवघड.

माझंच सांगते. एका ठिकाणी नोकरीला असताना दर महिन्याला बाहेर एक अहवाल पाठवायचं काम माझ्याकडे होतं. आकडे एक नवी मुलगी तयार करायची, पाठवायची मी. एका संध्याकाळी निघायच्या घाईत मी जुनी फाइल जोडली. फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल खरी’ अशा तीन फाइली होत्या. मी मधली उचलली आणि उघडून न बघता पाठवली. दोन दिवसांनी मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, आकडे कसे चुकले? सगळे त्या मुलीकडे बघायला लागले. ती म्हणाली, ‘मी पुन्हा तपासते, सर.’ मी माझ्या पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

अकरा दिवस मी गप्प होते. त्या अकरा दिवसांत माझ्या डोक्यातली हकीकत कशी बदलत गेली, ते मला आजही आठवतं. पहिल्या दिवशी: मी चुकीची फाइल पाठवली. तिसऱ्या दिवशी: फाइलींना असली नावं कोण देतं? पाचव्या दिवशी: जुन्या फाइली तिने काढून टाकायला हव्या होत्या, तेवढी शिस्त नको का? आठव्या दिवशी तर मी चक्क तिच्या भल्याचा विचार करत होते. नवीन आहे, एकदा ओरडा बसला की पक्की होईल! प्रत्येक टप्प्यावर मला मी खरीच वाटत होते. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण दुसऱ्यांना लावताना मला कधी शंका आली नव्हती. आपलं अंगण मात्र दर वेळी खरोखरच वाकडं दिसतं.

यावर उपाय साधा आहे: पहिल्या दिवशी लिहा. त्या दिवशीचं वाक्य सगळ्यात कमी सारवलेलं असतं. तारीख टाका आणि नंतर त्यात बदल करू नका. पाचव्या दिवशी मन नवी हकीकत रचायला लागलं की कागदाशी ताडून बघता येतं.

दुसरी खूण म्हणजे दुसऱ्याचं आणि आपलं माप वेगळं असणं. एडवर्ड जोन्स आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये याकडे लक्ष वेधलं होतं. आपण स्वतःच्या वागण्याचं कारण परिस्थितीत शोधतो, दुसऱ्याच्या वागण्याचं त्याच्या स्वभावात. मला उशीर झाला तर रस्त्यावर गर्दी होती, तुम्हाला झाला तर तुम्ही बेशिस्त. लिहिलेल्या वाक्यात ‘मी’च्या जागी एखाद्या न आवडणाऱ्या ओळखीच्या माणसाचं नाव घालून वाचा. त्याच्या तोंडी तुमचं स्पष्टीकरण तुम्हाला पटलं असतं का?

स्वतःला झोडपणं म्हणजे कबुली नव्हे

काहींचा प्रश्न वेगळाच असतो. ते उठता बसता सॉरी म्हणतात, एवढ्याशा चुकीवर ‘मी आहेच बिनकामाची’ इथपर्यंत पोचतात. बाहेरून हे फार प्रामाणिक दिसतं. पण ‘मी वाईट केलं’ आणि ‘मी वाईट आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मानसशास्त्रात अपराधभाव आणि शरम यांत हाच फरक करतात. हेलन ब्लॉक लुईस यांनी तो १९७१ मध्ये मांडला आणि पुढे जून टँगनी यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. अपराधभाव असलेला माणूस झालेलं निस्तरायला धावतो. शरमेने दबलेला लपतो, संबंध तोडतो, नाहीतर उलटा समोरच्यावर चिडतो.

शिवाय स्वतःला झोडपण्यात एक छुपी सोय आहे. तुम्ही रडायला लागलात की ज्याचं नुकसान झालं तोच तुमची समजूत काढत बसतो. मी हे केलेलं आहे, म्हणून सांगते. कागदावर ‘मी नेहमीच’, ‘मी कधीच’, ‘मी आहेच अशी’ असे शब्द आले तर खोडा आणि एका ठरावीक दिवशी केलेली एक कृती लिहा. ‘मी आळशी आहे’ याचं काही करता येत नाही. ‘सोमवारी मी फाइल उघडून बघितली नाही’ याचं करता येतं.

यांच्यातच आणखी काही जण असतात. लहानपणापासून दुसऱ्यांच्या चुका त्यांच्या माथी मारल्या गेलेल्या असतात आणि आता कुणी आवाज चढवला की हे आपोआप माफी मागतात. त्यांनी वरचे तीन प्रश्न दोनदा विचारावेत. न केलेली चूक कबूल करण्यात कसलीही सुधारणा नाही.

सांगायचं कसं

बाराव्या दिवशी मी त्या मुलीशी बोलले. पहिला प्रयत्न फसला. मी म्हणाले, ‘अगं, त्या फाइलचा जरा गोंधळ झाला होता ना, ते मनावर घेऊ नकोस हं.’ ती म्हणाली, ‘नाही मॅडम,’ आणि कामाला लागली. मी जागेवर येऊन बसले. कबुली दिल्यासारखं वाटत होतं, पण तिला काहीच कळलेलं नव्हतं. उलट चूक तिची आणि मी तिला सांभाळून घेतेय, असंच वाटलं असणार.

दुपारी पुन्हा गेले. या वेळी वाक्यं आधीच लिहून काढली होती. ‘ती जुनी फाइल मी जोडली होती. पाठवण्याआधी मी ती उघडून बघितली नाही. मीटिंगमध्ये सगळे तुझ्याकडे बघत होते, तेव्हा मला खरं काय ते माहीत होतं, आणि मी गप्प बसले.’ एवढंच. शेवटचं वाक्य म्हणताना आवाज बारीक झाला, कारण मोठी चूक तीच होती. चुकीची फाइल कुणाकडूनही जाऊ शकते.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मॅडम, हे सरांना सांगाल का?’

मी तिथवर विचारच केला नव्हता. मला वाटलं होतं, तिला सांगितलं की झालं. तिने एका प्रश्नात मला शिकवलं की चारचौघांत झालेलं नुकसान एकांतात भरून निघत नाही. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मी तीच तीन वाक्यं सगळ्यांसमोर म्हटली. सर म्हणाले, ‘ठीक आहे, पुढे चला.’ बारा दिवस ज्याची धास्ती घेतली होती ते अर्ध्या मिनिटात संपलं. ती मुलगी मात्र ‘असू दे मॅडम’ म्हणाली नाही. पुढचे दोन महिने मी पाठवलेली प्रत्येक फाइल ती माझ्यासमोर उघडून बघायची. मला ते टोचायचं, आणि तिचं बरोबर होतं.

माफीत काय काय असावं यावर रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांनी माफीचे सहा भाग पाडले: खेद व्यक्त करणं, काय झालं ते समजावणं, जबाबदारी घेणं, पुन्हा असं करणार नाही असं सांगणं, भरपाईची तयारी दाखवणं आणि क्षमा मागणं. लोकांना सगळ्यात महत्त्वाची वाटली ती जबाबदारी, म्हणजे ‘हे मी केलं’ असं सरळ म्हणणं. त्याखालोखाल भरपाई. सगळ्यात कमी परिणाम कशाचा, तर ‘मला माफ कर’ या विनंतीचा. आपण नेमके तिथूनच सुरुवात करतो. ‘माफ कर’ म्हटलं की चेंडू समोरच्याच्या अंगणात जातो. आता त्याने काहीतरी मोठेपणा दाखवायचा. दुखावला तो, आणि काम पुन्हा त्यालाच.

बोलताना काही गोष्टी कटाक्षाने टाळा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ यात चूक त्याच्या वाटण्याची होते. ‘मी चुकले, पण’ यातल्या ‘पण’ने आधीचं सगळं पुसलं जातं. कारण सांगायचंच असेल तर समोरच्याने विचारल्यावर सांगा. ‘आपल्या सगळ्यांकडूनच झालं’ हे तर बोलूच नका. आणि चूक सांगून झाली की गप्प राहा. ती शांतता भरून काढायची फार घाई होते. त्या घाईतच माणूस नको ते बोलून बसतो.

भेटून बोलावं की लिहून? शक्य असेल तर भेटून. मात्र समोरासमोर आलं की शब्द अडकत असतील, किंवा समोरच्याला विचार करायला वेळ हवा असेल, तर लिहिलेलं बरं. छोटं असावं. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका शोधनिबंधातला प्रयोग पुन्हा करून बघितल्यावर निकाल मिळेनात, तेव्हा जानेवारी २०२० मध्ये त्यांनी तो निबंध मागे घेतला आणि ट्विटरवर स्वतःहून जाहीर केलं. निबंध पाठवताना आपण कामात होतो आणि आपलं काम नीट केलं नाही, असं त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलं. ‘कामात होतो’ हे वाचून मी आधी जरा नाक मुरडलं, सबबच ती. पण पुढचं वाक्य सबबीला जागा ठेवत नाही.

कधी सांगू नये

असेही प्रसंग असतात. दारूचं व्यसन सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांतल्या निम्म्याअधिक पायऱ्या स्वतःच्या चुकांचा हिशेब मांडणं, तो दुसऱ्याला सांगणं आणि ज्यांचं नुकसान केलं त्यांना भरपाई देणं याभोवती आहेत. पण नवव्या पायरीत एक अट आहे: भरपाई केल्याने त्या माणसाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल, तर ती करू नये. आपलं ओझं उतरवायचं म्हणून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं ही कबुली नव्हे. सांगितल्याने समोरच्याला काही करता येणार आहे का, की फक्त मला हलकं वाटणार आहे, हे आधी ठरवा. फक्त हलकंच वाटणार असेल तर समुपदेशकाकडे किंवा भरवशाच्या मित्राकडे बोला.

वाहनाचा अपघात, पैशांचा घोळ, नोकरीवरची गंभीर चूक, म्हणजे जिथे कायदा येतो तिथे आधी वकिलाशी बोला. खरं बोलायचंच आहे, फक्त कुठे आणि कोणत्या क्रमाने हे समजून घेण्यासाठी. आणि जो माणूस तुमची प्रत्येक कबुली पुढे हत्यार म्हणून वापरतो, त्याच्यापुढे मन मोकळं करायची सक्ती तुमच्यावर कुणी केलेली नाही.

‘पुढच्या वेळी काळजी घेईन’ हे उत्तर नाही

भरपाईबद्दल फार लिहीत नाही. ज्याचं नुकसान झालं त्यालाच विचारा, काय केलं तर बरं होईल? तो म्हणेल ते जमण्यासारखं असेल तर करा, आणि ठरलेल्या दिवशी करा.

खरी अडचण पुढे असते, तीच चूक पुन्हा होऊ न देण्याची. ‘काळजी घेईन’ हा निश्चय दोन आठवडे टिकतो. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगच्या एका नव्या बॉम्बफेकी विमानाच्या चाचणीत विमान उडाल्यावर लगेच कोसळलं. यंत्रात दोष नव्हता. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची राहिली होती. (बघा, मीही ‘राहिली होती’ लिहिलं.) चालवणारा अतिशय अनुभवी होता, त्याचा यात जीव गेला. यावर वैमानिकांना ‘नीट लक्ष द्या’ असं बजावता आलं असतं. पण केलं ते असं की उड्डाणाआधी तपासायच्या गोष्टींची यादी कागदावर आली. आजही प्रत्येक वैमानिक अशी यादी वाचतो, कितीही मुरलेला असला तरी.

विमानसेवेने पुढे आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. १९७६ पासून अमेरिकेत वैमानिक आपली चूक नासाकडे स्वतःहून कळवू शकतात. नाव गुप्त राहतं. चूक मुद्दाम केलेली नसेल, त्यात गुन्हा किंवा अपघात नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळवली असेल, तर सहसा दंड किंवा परवाना निलंबनापासून सूट मिळते. आजवर अशा लाखो नोंदी जमा झाल्या आहेत. घरात किंवा कचेरीत चुका लपवल्या जात असतील, तर कबूल करणाऱ्याचं तिथे पुढे काय होतं, तेही एकदा पाहायला हवं.

आपल्या पातळीवर करायचं काय? ‘जेव्हा असं होईल, तेव्हा मी असं करेन’ अशा साच्यात एक वाक्य लिहा. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये अशा योजनांवरचं संशोधन एकत्र मांडलं. नुसत्या निश्चयापेक्षा अशी बांधलेली योजना जास्त पार पडते, असं त्यातून दिसतं. माझं वाक्य होतं: ‘फाइल जोडली की पाठवण्याआधी ती जोडलेल्या जागेवरूनच उघडून पहिल्या पानावरची तारीख बघेन.’ दुसरं होतं: ‘माझ्यामुळे कुणाकडे बोट दाखवलं गेलं, तर तिथल्या तिथे हात वर करेन.’ पहिलं आता सवयीचं झालंय. दुसरं प्रत्येक वेळी नव्याने करावं लागतं.

चुकांची वही

हे सगळं डोक्यात ठेवता येत नाही, म्हणून वही. अमेरिकेच्या स्थापनेतला एक नेता बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी तेरा सद्गुणांची यादी करून एक छोटी वही बाळगत असे. आठवड्याला एका गुणावर लक्ष, आणि दिवसभरात चुकलं की त्या रकान्यात काळा ठिपका. व्यवस्थितपणा आपल्याला शेवटपर्यंत जमला नाही, हेही त्यानेच लिहून ठेवलं आहे. तेरा गुण मला झेपले नसते. माझ्या वहीत चार ओळी असतात. त्यातली एक नोंद जशीच्या तशी:

‘मंगळवार. मी बहिणीला तिच्या मुलीसमोर ‘तुला कधी काही जमतं का’ म्हणाले. / तेव्हा मला माहीत होतं: मुलगी ऐकतेय. / सांगितलं: बुधवारी, फोनवर. मुलीशीही बोलले. / जेव्हा तिच्यावर चिडेन तेव्हा आधी पाणी प्यायला उठेन.’

रोज लिहू नका. रोज चुका शोधायला बसलं की माणूस एकतर खचतो किंवा क्षुल्लक चुकांचे ढीग लावून मोठ्या झाकतो. आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं. महिन्याने पानं उलटली की एकच क्रियापद पुन्हा पुन्हा दिसतं. माझ्या वहीत ते ‘गप्प बसले’ होतं. मला वाटायचं माझा दोष रागीटपणा आहे. राग तीनदा होता, गप्प बसणं अकरा वेळा.

‘सांगितलं’ ही ओळ रिकामी राहिली तर राहू द्या, पण ओळ काढून टाकू नका.

समोरच्याने माफ केलं नाही तर

तर नाही केलं. त्याला तसा हक्क आहे. पाठपुरावा करू नका, दर भेटीत पुन्हा विषय काढू नका, मध्यस्थ पाठवू नका. ठरवलेली भरपाई तेवढी पूर्ण करा. काही लोक वर्षभराने बोलायला लागतात, काही नाही लागत.

आणि कुणी तुमच्याकडे चूक कबूल करायला आलं तर? ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा आणि थांबा. राग आला असेल तर तोही सांगा, पण ‘मला माहीतच होतं’ हे वाक्य गिळून टाका.

राहता राहिल्या जुन्या चुका, ज्या मी सुरुवातीला बाजूला ठेवायला सांगितल्या होत्या. लहान चुकांवर चार-सहा महिने हात बसला की त्यांच्याकडे वळा, एका वेळी एक. माणूस हयात नसेल किंवा सापडत नसेल तर त्याला पत्र लिहितात, न पाठवण्यासाठी. माझ्याकडेही असं एक पत्र आहे. गेल्या वर्षी सुरू केलं. वर तारीख आहे, नाव आहे, खाली ‘मी’ आहे. क्रियापद दोनदा लिहून खोडलंय.